चार पाटलांच्या बंद्या

धामणपिंप्रीचे पहिले पोलीस पाटील कौतिक. कौतिकांचे चिरंजीव प्रेमराज, प्रेमराजांचे पितांबर आणि पितांबरांचे अभिमन. गोष्ट आहे ती या अभिमनची. घराणे सचोटीचे, शब्दाला पक्के, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारे. दोष म्हणाल तर एकच, आणि तो रक्तातून उतरलेला. डोळ्यांसमोर काही वावगे दिसले, की या घरातल्या पुरुषाला त्यावर बंदी घातल्यावाचून अन्न गोड लागत नसे.

कौतिक पाटलांनी मोहाच्या दारूवर बंदी घातली. मडकी फुटली, भट्ट्या विझल्या आणि आठ दिवसांत त्याच भट्ट्या अनेर नदीच्या पलीकडच्या काठावर पेटल्या, जिथे दुसऱ्या पाटलाचा अंमल होता. गावातले पुरुष संध्याकाळी पाय धुवायला नदीवर जाऊ लागले आणि झोकांड्या खात परतू लागले. प्रेमराज पाटलांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पत्त्यांवर बंदी घातली. आखाजीला पत्ते पिसायचे नाहीत, हे खान्देशात कोणाला सांगून पटणार? डाव पारावरून उठला तो मळ्यात गेला, मळ्यातून उठला तो केळीच्या बागेत गेला. तिसऱ्या वर्षी पाटलांनी तो एकदाचा पकडला. खुद्द त्यांच्याच गोठ्यात चालला होता आणि पत्ते वाटत होते त्यांचे सासरे.

पितांबर पाटलांची बंदी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

गावाजवळची कापसाची जिनिंग बंद पडली, तेव्हा मजुरांच्या हजेरीचे पितळी बिल्ले बेवारस झाले. ते गावातल्या बायकांनी उचलले. एकमेकींच्या घरी वाळवणाचे ज्वारीचे बिबडे थापायला, पापड लाटायला, शेतात कापूस वेचायला जायचे आणि दिवसभर राबलेल्या बाईच्या हातावर घरधनिणीने एक बिल्ला ठेवायचा. बिल्ला म्हणजे एक दिवस. तो घेऊन गावातल्या कोणत्याही बाईकडे जावे आणि एक दिवसाचे काम हक्काने मागावे. बिल्ल्याला गल्ली ठाऊक नव्हती. पाटलांच्या ओट्यावरचा बिल्ला संध्याकाळी भीमनगरात पोचलेला असे. पुढे कासारही बिल्ल्यावर बांगड्या भरू लागला, कारण बिबडे त्याच्याही घरी लागतच. तेव्हा किराणा दुकानदाराने तक्रार केली. पितांबर पाटलांचे मत पडले, की राज्यात नाणे एकाच सरकारचे असावे. त्यांनी दवंडी पिटली, घरोघर फिरून बिल्ले गोणीत भरले, मोडीत घातले आणि आलेल्या पैशांतून शाळेला घंटा घेऊन दिली. स्वतःसाठी एक पै ठेवली नाही.

व्यवहार थांबला का? एक दिवसही नाही. बायका संध्याकाळी पाण्याला जमल्या, की मोठ्याने बोलून ठेवू लागल्या, "आज लताबाई मना घर राबनी, बायांवो, ध्यानमा ठेवा." वीस जणींनी ऐकले, की नोंद पक्की. एकीने उद्या नाकबूल व्हावे, तर एकोणीस तोंडे उघडत. गोणीत भरायला आता काही उरलेच नव्हते.

परंतु बंदीने एकीला बुडवले. तानुबाई ही भीमनगरातली विधवा. तिने लेकीच्या लग्नासाठी तीन वर्षे खपून एक्केचाळीस बिल्ले साठवले होते. लग्नाच्या महिन्यात एक्केचाळीस दिवसांचे हात तिच्या अंगणात यायचे होते. ते सारे गोणीत गेले. गोणी धरून उभ्या होत्या पितांबर पाटलांच्या पत्नी मंजुळाबाई, आणि त्यांनी ते मोजले होते. पुढच्याच आठवड्यात त्या गुपचूप भीमनगरात गेल्या आणि म्हणाल्या, "तानु, तुझे दिवस मी फेडते." तानुबाईने पाणी दिले, बसायला पोते टाकले आणि हात जोडले. "पाटलीनबाई, बंदी शे ना? पाटील बंदी उठवतील, तवा घेसू." लेकीचे लग्न तिने दोन हातांनी उरकले आणि वर्षाच्या आत गाव सोडून धुळ्याला बांधकामावर गेली.

पितांबर पाटील पुढे अठ्ठावीस वर्षे जगले. बंदी काही त्यांनी उठवली नाही. अशी बंदी आपण घातली होती, हेच ते विसरून गेले होते. मंजुळाबाईंनीही तोंड उघडले नाही. नवऱ्याची दवंडी बायकोने मोडायची नाही, आणि बापाची चूक मुलासमोर काढायची नाही, हा त्यांचा नेम. अभिमन त्या काळात जळगावला वसतिगृहात शिकत होते. त्यांच्या कानावर यातले काहीच गेले नाही. एक्केचाळीस दिवस मात्र मंजुळाबाईंच्या उरावर बसून राहिले. डोळे मिटण्याआधी ते फिटावेत, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी बाळगली.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात दूरदर्शनच्या बातम्यांत आले, की खासगी आभासी नाण्यांवर बंदीचे विधेयक संसदेत येणार. अभिमन पाटलांनी कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांच्या मनात कपट नव्हते. जळगावच्या मेहरूणमधल्या त्यांच्या एका मित्राला कोणीतरी 'दोन महिन्यांत दुप्पट' म्हणून फसवले होते, आणि आपल्या गावात असे होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती. दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून त्यांचा आवाज घुमला. "धामणपिंप्रीच्या हद्दीत आजपासून कोणीही आभासी नाणे घेऊ नये, विकू नये अथवा बाळगू नये."

घरी निघालेल्या पाटलांना चहाच्या टपरीवरून नवलने विचारले, "आबा, बाळगू नये म्हंजे खिशात का मोबाईलमधी?"

"कुठेच नाही."

"बरं झालं आधीच सांगितलं. म्हशीच्या गळ्यात बांधणार व्हतो."

टपरी हसली. पाटील ताठ मानेने घरी आले आणि जेवायला बसले. लेक स्नेहल धुळ्याच्या महाविद्यालयात संगणक शिकवत असे. ती रविवारची आली होती. पाटलांच्या पत्नी कोकिळाबाईंनी भाकरी वाढली. समोर पाटावर बसलेल्या मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या, "अभिमन, हात धुतलेस की मला पकडून ने. माझ्याकडे ते नाणे आहे."

पाटलांचा घास हातातच राहिला. "माय, थट्टा नको."

"मी आजवर थट्टा केली आहे का तुझ्याशी? माझे चांदीचे वाळे विकले, त्याचे घेतले. स्नेहलने घेऊन दिले."

स्नेहलने मान खाली घातली, पण फार खाली नव्हे. "आप्पा, मोठ्या मायला मी समजावून सांगितलं. हे नाणं कुणा एकाच्या तिजोरीत नसतं. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच वही असते, एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे मान्य करत नाहीत. ऐकून मोठी माय म्हणाली, 'यात नवीन काय आहे? पाण्यावर आम्ही हेच करायचो. हे कोणाला गोणीत भरता येणार नाही, घेऊन दे.'"

"ते काही असो," पाटील म्हणाले. "उद्याच्या उद्या विका. गावाला बंदी आणि घरात नाणं? मी तोंड कुठे लपवू?"

"विक की," मंजुळाबाई म्हणाल्या. "तू पाटील आहेस. जप्त कर."

पाटलांनी लेकीचा मोबाईल मागितला. तिने निमूटपणे दिला. "पण आप्पा, नाणं मोबाईलमध्ये नाही. बारा इंग्रजी शब्द आहेत. ते ज्याला क्रमाने ठाऊक, त्याचं नाणं. मोबाईल विहिरीत टाकला तरी नाणं जागच्या जागी."

"शब्द कोठे आहेत?"

"बारा जणींकडे," मंजुळाबाई म्हणाल्या. "एकीला एक. माझ्या बिबड्यांच्या बायका. जा, घे गोळा करून. तुमच्या घराण्याला गोळा करायची सवय आहे."

डिसेंबरभर धामणपिंप्रीने एक अपूर्व दृश्य पाहिले. पोलीस पाटील वही घेऊन दारोदार फिरत होते. त्यांना वाटले होते, बायका लपवाछपवी करतील. तसे काही घडले नाही. बायका आदराने घोंगडी टाकत, चहा ठेवत आणि शब्द देऊन मोकळ्या होत. "मना 'मँगो' शे, आबा. लिखा." "मना 'लॅडर'. त्याचा अर्थ शिडी, स्नेहलनी सांगा व्हता." एकीने 'अम्ब्रेला' सांगितले आणि पाऊस नसताना तो शब्द दिल्याबद्दल मंजुळाबाईंविषयी तक्रारही सांगितली.

लताबाईंच्या दारात मात्र गाडी अडली. लताबाई गळ्यात माळ असलेली, व्रतस्थ बाई. पाटलांनी शब्द विचारताच त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"आबा, आज एकादशी शे."

"एकादशीला शब्द सांगायला काय हरकत?"

"हाऊ शब्द मी तोंडतून काढावू नही. बारशीले बी नही."

"अहो, मग तुम्ही लक्षात कसा ठेवलात?"

लताबाईंनी घरातून तेलाचा रिकामा डबा आणला, झाकण काढले आणि मान फिरवून पुढे धरला. तळाशी चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते, 'चिकन'. पाटलांनी ती वाचली, वहीत उतरवली आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने नमस्कार करून निघाले. गल्लीच्या वळणावर पोचल्यावर मात्र ते भिंतीला हात टेकून एकटेच हसले.

दहा शब्द झाले. अकरावा कोणाकडे, ते कोणी सांगेना. शेवटी एका सकाळी कोकिळाबाईंनी चहाचा पेला ठेवता ठेवता म्हटले, "माझ्याकडचा राहिला वाटतं."

"तुझ्याकडे? माझ्याच घरात? आणि मी महिनाभर गाव पालथं घालतोय!"

"तुम्ही घर सोडून सगळीकडे विचारलंत. लिहा. 'हजबंड'."

"याचा अर्थ माहीत आहे का तुला?"

"आहे की. रागावू नका, मी नाही निवडला. यंत्राने दिला."

बारावा शब्द मागायला पाटील आईसमोर उभे राहिले. मंजुळाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सुपावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "बारावी खरे तर पहिली. क्रम माझ्याकडे आहे आणि पहिली जागा तिची. ती धुळ्याला असते. तानुबाई तिचे नाव. नातीजवळ राहते, देवपुरात. स्नेहल तिच्या हातात शब्द देऊन आली. जायचे असेल तर जा. मात्र तिच्या दारात पोलीस पाटील म्हणून जाऊ नकोस. पितांबर पाटलांचा मुलगा म्हणून जा."

आईचा आवाज असा बदलला, की पुढे विचारायचे नसते, हे अभिमन पाटलांना सत्तावन्न वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. संक्रांत झाली आणि ते अमळनेरमार्गे एसटीने धुळ्याला गेले.

देवपुरातले ते घर दोन खोल्यांचे, नीटनेटके. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली खाटेवर पांढऱ्या पातळात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. दार उघडले ते नातीने. "जय भीम, काका. मी पुनम. स्नेहलताईंनी फोन केला होता, या."

म्हातारीने डोळे बारीक केले. "कोन रे? पितांबर पाटीलना पोऱ्या ना तू? नाक तेच शे."

"हो, तानुबाई. अभिमन."

"बस. शब्द लेवाले उना ना? लिखी ले. मना शब्द 'पोलीस' शे." आणि ती इतकी हसली, की लसणाच्या पाकळ्या मांडीवरून घरंगळल्या. "तुनी माय मोठी चतुर बाई शे. बठ्ठा शब्द सोडी माले तोच दिन्हा."

पाटलांनी शब्द लिहिला. वही मिटली. काम झाले होते, परंतु त्यांना उठवेना. "तानुबाई, पहिली जागा तुमची का?"

तिने मग सारे सांगितले. पितळ, गोणी, एक्केचाळीस, लेकीचे लग्न. सांगताना आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आले नाही. ऐकता ऐकता अभिमन पाटलांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. शाळेच्या घंटेचे कौतुक ते आजवर दर पंधरा ऑगस्टला भाषणात करत आले होते.

"माझ्या बापाने वाईट हेतूने नाही केलं," ते कसेबसे म्हणाले.

"माले का ठाऊक नही? भला माणूस व्हता. भल्या माणूसनी बंदी जास्त लागस रे भो. चोरना हातमाथी आपण काढी लेतस. भल्या माणूसले काय म्हनसू?"

पुनम एका बँकेत होती. चहा देताना ती म्हणाली, "काका, दोन हजार अठरात आम्हा बँकांना परिपत्रक आलं होतं, या नाण्यांच्या बाजारवाल्यांना सेवा द्यायची नाही. लोकांनी आपसांत देवाणघेवाण चालूच ठेवली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण मधल्या काळात ज्यांचे पैसे अडकले, ते आमच्या काउंटरवर येऊन रडायचे. मोठे लोक नव्हते ते. मोठ्यांनी वाट आधीच शोधली होती."

अभिमन पाटलांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी पाकीट काढले. "तानुबाई, आजच्या मजुरीच्या दराने एक्केचाळीस दिवसांचे होतात ते..."

"ठेव ते खिशात." प्रथमच तिचा आवाज कडक झाला. "पैसा मी उभा जलम कमावना. बाप दिवस लई गया, पोऱ्या पैसा देवाले उना का? आनि बंदी? उठनी का ती?"

"ती बंदी? ती आता कोण पाळतं?"

"मी पाळस," तानुबाई म्हणाली. "बठ्ठा गावमा मी एकटीच. अडतीस वरीस व्हयनात."

पाटील परतले ते वही आईच्या मांडीवर ठेवूनच पायरीवर बसले. "माय, बाराही मिळाले. घे."

"आणि विकायचे?"

"तुझं तू ठरव. मला तू शब्द गोळा करायला पाठवलं नव्हतंस."

मंजुळाबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि मुलाच्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. "उशिरा कळते, पण कळते. माझेच पोर." मग स्नेहलचा फोन आला. शब्द वहीत लिहिले गेल्याचे ऐकून तिने कपाळावर हात मारला. आता जुने शब्द बाद, नवे बारा घ्यावे लागणार होते. लताबाईंनी निरोप पाठवला, की या खेपेस एखादे भाजीचे नाव असेल तर बरे.

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी अर्थसंकल्प आला. बंदीचे विधेयक बाजूलाच राहिले; सरकारने आभासी नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला. टपरीवर नवल म्हणाला, "आबा, तुमच्यापेक्षा सरकार हुशार निघालं. त्यानी म्हशीलाच दोहून घेतलं."

"कर बसवला म्हणजे मान्यता दिली, असं नाही," पाटील म्हणाले. मग स्वतःशीच हसून त्यांनी जोडले, "पण माझ्या आजोबांना हे सुचलं असतं, तर आखाजीला ग्रामपंचायतीचं उत्पन्न वाढलं असतं."

त्याच संध्याकाळी भोंगा पुन्हा वाजला. पाटलांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. "आभासी नाण्यांवरची माझी बंदी मी मागे घेत आहे. बंदी नाही, परंतु सल्ला आहे : दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, आणि बुडाले तरी चूल पेटेल एवढेच त्यात घाला. दुसरे. माझे वडील कैलासवासी पितांबर पाटील यांनी पितळी बिल्ल्यांवर घातलेली बंदी अडतीस वर्षांनी उठवण्यात येत आहे. ती घालायला नको होती. त्या बंदीत तानुबाईंचे एक्केचाळीस दिवस गेले. ते दिवस आमच्या घराकडून देणे आहेत." गल्लीगल्लीत बायका दारात आल्या. मंजुळाबाई माजघरात देवासमोर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तसबिरीकडे पाहिले, आणि पदराच्या टोकाने तिची काच पुसली.

पुनमचे लग्न वैशाखात ठरले होते. चैत्रातल्या एका सकाळी केळीचा रिकामा ट्रक धुऊन, चादरी अंथरून धामणपिंप्रीहून निघाला. मंजुळाबाई पुढे, चालकाच्या शेजारी बसल्या होत्या. गावातल्या बायकांच्या स्मरणात आयुष्यभराच्या राबण्याचे त्यांचे जेवढे दिवस जमा होते, ते सारे त्यांनी एका दिवसावर बोलावले होते. स्नेहल म्हणाली, "मोठी माय, नाण्याचा दर नोव्हेंबरपासून बराच उतरला आहे, बरं का."

"उतरू दे. दिवसाचा दर उतरत नाही."

तानुबाईच्या गल्लीत ट्रक थांबला. पाट्या, परात, ज्वारीचे पीठ, ओली फडकी उतरली. कढई चढली, वाफ उसळली, आणि गल्लीत ओळीने मांडलेल्या खाटांवर गोल गोल बिबडे उमटू लागले. एकीकडे पापड लाटले जात होते, दुसरीकडे गहू निवडले जात होते. लताबाई 'एवढ्याशा जागेत बिबडे वाळायचे कसे' म्हणून सर्वांना रागावत होत्या. तानुबाई खुर्ची टाकून दारात बसली होती आणि उतरणाऱ्या एकेकीकडे बोट करत मोजत होती. मोजणी संपली तेव्हा तिने मंजुळाबाईंकडे पाहिले.

"चाळीस," ती म्हणाली.

"माझ्याकडे चाळीसच होते, तानु," मंजुळाबाई म्हणाल्या. "मीही धरून चाळीस. कमी पडला तो माझ्या हातचा नव्हता."

अभिमन पाटील ट्रकमधून शेवटची पाटी उतरवत होते. त्यांनी ती खाली ठेवली, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कोकिळाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. हात पाण्यात बुडवला, पिठाचा वाफाळता गोळा उचलला, चटका बसून 'हाय हाय' केले, बायका हसल्या. पहिला बिबडा खान्देशच्या नकाशासारखा झाला. दुसरा थोडा बरा. ऊन माथ्यावर आले, मग कलले. सदरा पिठाने माखला, पाठ ताठली, तरी पाटील उठले नाहीत. मधल्या वेळेला पुनमने जेवायला बोलावले, तेव्हा ते सगळ्यांच्या ओळीत बसले आणि जेवून पुन्हा खाटेशी आले.

उन्हे भिंतींवर चढली, तेव्हा शेवटचे फडके रिकामे झाले. तानुबाई काठी टेकत खाटांच्या ओळीतून फिरली. प्रत्येक बिबड्याकडे तिने नीट पाहिले. त्या वाकड्या बिबड्यापाशी थांबली, पुढे गेली. मग परत येऊन तिने मंजुळाबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून ठेवले,

"बायांवो, ध्यानमा ठेवा. एक्केचाळीस. बठ्ठा फिटनात."